संशोधन खुले करताना: काय द्यावे, काय राखावे

पेडणे-डिचोलीच्या इतिहासावर काम करणारे आता बरेच आहेत. कोणी प्रबंध लिहितो, कोणी देवस्थानची मोडी कागदपत्रे वाचतो, कोणी वीरगळांचे फोटो घेतो. पण ज्या गावातून माहिती मिळाली, त्या गावात ती परत पोचते का? बहुतेक वेळा नाही. म्हणून मग "सगळं नेटवर टाका" असा सल्ला मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे.

आधी त्याची बरोबर बाजू बघू. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीतले पिसुर्ले हे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचे गाव. १५९५ साली सुरू झालेल्या गोव्याच्या पुराभिलेखागाराची धुरा त्यांनी कित्येक वर्षे सांभाळली. दप्तरात काय आहे आणि ते कुठे सापडेल, हे सांगणारा मार्गदर्शक ग्रंथ त्यांनी १९५५ मध्ये छापला. राज्य मंडळाच्या बैठकींचे मूळ वृत्तान्तही पाच खंडांत आणले. आपला निष्कर्ष सांगून ते थांबले नाहीत, दुसऱ्याला तो तपासता येईल अशी सोय केली. खुलेपणा म्हणजे मुख्यतः हेच. मात्र ही प्रकाशने पोर्तुगीजमध्ये होती. ज्या गावांचा उल्लेख त्यांत आहे, तिथल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. म्हणून लेख इंग्रजीत असला तरी दोन पानांचा मराठी सारांश सोबत द्यावा.

आज वाट सोपी आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांमुळे पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर येऊ लागले, ते कोणालाही फुकट वाचता येतात. नियतकालिकातल्या लेखाचे काय? प्रकाशकाने सजवलेली प्रत टाकायला अनेकदा मनाई असते, पण स्वीकारलेला मजकूर काही मुदतीनंतर विद्यापीठाच्या भांडारात ठेवायला बरेच प्रकाशक परवानगी देतात. करार एकदा वाचून घ्यावा, एवढंच.

जुने पुस्तक स्कॅन करून टाकणे ही मात्र वेगळी गोष्ट. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतात. पिसुर्लेकर १९६९ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. त्यातली माहिती नाव देऊन खुशाल वापरा. अख्खे पुस्तक टाकायचे तर परवानगी हवी. सतराव्या शतकातल्या पत्रावर आज कोणाचा कॉपीराइट नाही, पण ते ज्या देवस्थानाने जपले त्या महाजनांना विचारणे ही साधी रीत आहे.

आता राखायच्या गोष्टी. आपल्याकडे गजलक्ष्मीचे शिल्प केळबाय म्हणून पुजले जाते. अशी कितीतरी शिल्पे, वीरगळ झाडाखाली, मांडावर, विनापहारा उभे आहेत. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. तो फोटो जसाच्या तसा टाकला की अभ्यासकाबरोबर चोरालाही पत्ता मिळतो. फोटोतली ती माहिती काढून टाका, लेखात तालुका किंवा गाव पुरे. नेमकी जागा पुरातत्त्व खात्याला आणि गावकऱ्यांना कळवा.

दुसरी गोष्ट माणसांची. देवळातल्या मानाचा किंवा जमिनीचा जुना उल्लेख आजच्या भांडणात पुरावा म्हणून फिरतो. म्हणून एक ओळ उचलून देऊ नये. पूर्ण कागदाचा फोटो, लिप्यंतर आणि आपला अर्थ वेगवेगळा द्यावा, कुठे अक्षर लागले नाही तेही लिहावे. म्हाताऱ्या माणसाने घरात बसून सांगितलेली हकीकत नावासकट छापायची का, हे त्यालाच विचारावे.

शेवटी लेखावर परवाना लिहा. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चा श्रेयनिर्देश परवाना दिला तर कोणीही लेख वापरू शकतो, पण नाव द्यावे लागते. त्या नावाशेजारी माहिती देणाऱ्या गावाचेही नाव असू द्या, आणि छापील एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.