इगर्जेतली इस्कोल

माजोर्डा हे गोव्यातल्या साष्टी तालुक्याचं समुद्राकाठचं गाव. तिथल्या इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, जुझे आंतोनियो गोन्साल्विस गायकवृंद सांभाळत. त्यांचा मुलगा अँथनी 1927 साली जन्मला, वडिलांच्या हाताखाली तयार झाला आणि 1943 मध्ये मुंबईला येऊन नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. पुढे संगीतकार प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन अँथनी यांच्याकडे शिकले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचं नाव गुंफलं आणि ते देशभर पोचलं. ज्या परंपरेनं असे वादक घडवले, तिचं नाव मात्र गोव्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. ती परंपरा म्हणजे गावच्या इगर्जेची इस्कोल.

या शाळेची मुळं सोळाव्या शतकात आहेत आणि ती सौम्य नाहीत. पोर्तुगीज सत्तेनं 1567 मध्ये साष्टीतली देवळं पाडली. देवळांच्या सेवेकऱ्यांना नमशी जमिनी असत. त्यांतून पुजाऱ्यापासून वाजंत्र्यांपर्यंत सगळ्यांचं पोट भरे. देवळं गेली आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. गावकरी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था, तेवढी टिकली. इगर्जेचा खर्च आणि संगीत शिकवणाऱ्या मास्तराचा पगार तीच देऊ लागली. देव बदलला, सक्तीनं बदलला. पण गावच्या भातशेतीनं गावचं संगीत पोसायचं, हा रिवाज मोडला नाही. हा इतिहास दुखरा आहे. तो झाकून या शाळेचं कौतुक करता येणार नाही.

मास्तराला म्हणत मेस्त्री. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला हा शब्द, आपला मराठी मिस्त्रीही तिथूनच आला. मेस्त्री मुलांना अक्षरओळख करून देई, प्रार्थना पाठ करून घेई आणि गाणं शिकवी. शिकणारे मुख्यतः मुलगे. इगर्जेला हवं होतं ते एवढंच, की रविवारी आणि सणावारी वरच्या माळ्यावर लॅटिन मिस्सा नीट गाणारे गळे असावेत.

शिकवण्याची रीत कडक होती. रबेक, म्हणजे व्हायोलिन, लगेच हाती मिळत नसे. आधी सोल्फेजो. समोर पाच रेघांचा कागद. डोळे त्या रेघांवर, उजवा हात खाली-वर करत ताल धरायचा आणि तोंडानं दो, रे, मी म्हणत सूर नेमका लावायचा. चुकलं की गज बोटांवर बसे. असे महिनोन्‌महिने काढल्यावर कागदावरचा ठिपका बघताच सूर ओठांवर येई. मग कुठे रबेक खांद्यावर चढे. त्यापुढचा धडा आणखी अवघड: शेजारचा मुलगा वेगळा सूर गात असताना आपला सूर सोडायचा नाही. ही परीक्षा वर्गात होत नसे. ती होई चाळिसाच्या उपवासातल्या मोतेतांमध्ये, म्हणजे अनेक सुरांत गायच्या भक्तिगीतांत, आणि वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, संध्याकाळी लादाइन ही सामूहिक प्रार्थना म्हटली जाई तेव्हा, सगळ्या गावादेखत.

भाषेचा झगडाही याच आवारात झाला. राशोलला 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, ते मराठी ओव्यांत. पण 1684 मध्ये फर्मान निघालं: लोकांनी तीन वर्षांत स्थानिक बोली सोडावी, पाद्री आणि शाळामास्तरांनी पोर्तुगीजमधूनच शिकवावं. कोंकणी त्यालाही पुरून उरली. घरी कोंकणी, माळ्यावर लॅटिन आणि कागदावर सुरांची लिपी, अशा तीन वाटा मूल एकाच वेळी चालत राहिलं.

यातली तिसरी वाट मुंबईला गेली. गोव्यात पोट भरेना तेव्हा ही मुलं धोबीतलावच्या, आपापल्या गावानं चालवलेल्या कूडमध्ये, म्हणजे वसतिगृहात, पथारी टाकत आणि बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरात, हॉटेलांत काम शोधत. सिनेमा बोलू लागला तेव्हा संगीतकारांकडे अप्रतिम चाली होत्या. पण एकेक चाल कितीतरी वादकांत वाटून द्यायची तर ती लिहावी लागे, आणि तिला साथ देणारे दुसरे सूर रचावे लागत. मेस्त्रीनं घोटून घेतलं होतं ते नेमकं हेच. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे सेबॅस्टियन डिसूझा, हळदोण्याचे चिक चॉकलेट, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड: आपल्या आजी-आजोबांनी रेडिओला कान लावून ऐकलेल्या व्हायोलिनांच्या लाटा अशा गोवेकरांच्या हातून आल्या. अँथनी गोन्साल्विस तर 1958 मध्ये रागांवर बेतलेल्या रचना भल्यामोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेत होते.

1961 मध्ये पोर्तुगीज सत्ता संपल्यावर गोव्यात सरकारी शाळा गावोगाव पोचल्या, आणि ते फार चांगलं झालं. त्याच दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं लोकभाषेत उपासनेची वाट खुली केली. कोंकणी हक्कानं वेदीवर आली आणि लॅटिन गायकीची गरज ओसरली. कुळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन मिळाली, तेही न्याय्यच; पण गावकरीचं उत्पन्न आटलं आणि मेस्त्रीच्या पगाराचा झरा सुकला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, तरी शाळा विझत गेली. काही गावांत ती अजून तग धरून आहे.

मेस्त्रींनी नुसतं शिकवलं नाही, रचलंही. त्यांनी हातानं लिहिलेली मोतेतं जुन्या माळ्यांवरच्या आणि घरांतल्या पेट्यांत आहेत. पावसाळी दमट हवेत शाई पसरते, कागदाला कसर लागते. ते कागद जपायला हवेत, त्यांच्या प्रती काढायला हव्यात. पण पेटीत जपलेला कागद गात नाही. त्याच्यासमोर बसून, हातानं ताल धरून, पहिला सूर लावणारं एक मूल गावात असावं लागतं. तेवढं घडवण्यासाठीच तर ही शाळा होती.