झोपेचे शास्त्र (भाग ६) : मेडिकलवरची झोप

चिठ्ठीविना मेडिकलवर मिळणारी 'झोपेची गोळी' बहुधा झोपेची नसतेच. क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन, डायफेनहायड्रामीन ही सर्दी-खाजेवरची जुनी औषधे. मेंदूला जागे ठेवणाऱ्या हिस्टामीनला ती अडवतात, म्हणून गुंगी येते. हा दुष्परिणामच गिऱ्हाईक विकत घेते. काही रात्रींत शरीर सरावते, गुंगी ओसरते. उरते ती तोंडाची कोरड, बद्धकोष्ठ आणि सकाळचे जड डोके. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांची लघवी तुंबू शकते, रात्री उठताना तोल जातो. साठीपुढे ही गोळी टाळलेलीच बरी.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांची गोष्ट निराळी. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या 'एच-1' अनुसूचीत ती आहेत. चिठ्ठी लागते, विक्रीची नोंद दुकानदाराला 3 वर्षे जपावी लागते. ओळखीवर सुटी पट्टी मिळते तेव्हा हा नियमच मोडलेला असतो. रोजची सवय लागल्यावर ती एकाएकी बंद करणे धोक्याचे. झटकेही येऊ शकतात. दारूवर ती घेतली तर श्वास मंदावतो.

मेलाटोनिन तुलनेने सौम्य, पण कामही बेताचे : झोप सरासरी सुमारे 7 मिनिटे लवकर लागते. जुनाट निद्रानाशावर मेलाटोनिन किंवा डायफेनहायड्रामीन वापरू नये, असा सल्ला अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने 2017 मध्ये दिला. दुधातले चिमूटभर जायफळ निरुपद्रवी. मात्र अख्खे जायफळ उगाळून प्यायले तर धडधड आणि भ्रम होतो. अश्वगंधा गरोदरपणात आणि थायरॉईडच्या रुग्णांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

बीड जिल्ह्यात गोळीआधी एक प्रश्न विचारावा लागतो : झोप येत नाही, की झोपायला मिळत नाही? ऊसतोडीला गेलेले जोडपे पहाटे फडात उतरते, रात्री गाडी आली की मोळ्या भरते आणि कोपीत परतून उरलेल्या वेळात पडते. रात्रपाळीच्या विजेवर दारे धरणाऱ्या शेतकऱ्याचेही तेच. हा निद्रानाश नव्हे, झोपेची उपासमार आहे. तिच्यावर गोळी चालत नाही. दुपारी सावलीत मिळेल तेवढी डुलकी चालते.

निवांत अंथरुणावर पडूनही आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल तो खरा निद्रानाश. त्यावर सवयींचा उपचार गोळ्यांपेक्षा टिकाऊ ठरतो. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्याशिवाय आडवे व्हायचे नाही, आणि वीसेक मिनिटे कुशी बदलत गेली तर उठून दुसरीकडे बसायचे. अंथरूण म्हणजे जागरण, ही मेंदूची गाठ अशी सुटते. चहातल्या कॅफीनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही रक्तात असतो, म्हणून चारचा चहा शेवटचा. तंबाखू आणि मिस्रीतले निकोटीनही मेंदूला जागे ठेवते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली तळमळण्यापेक्षा मच्छरदाणी लावून अंगणात झोपणे शहाणपणाचे.

घोरताना श्वास अडकत असेल तर गुंगीची कोणतीही गोळी घातक. असा रुग्ण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावा. चिंतेने झोप उडाली असेल तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.