विश्लेषण : विश्वासाचा चित्रपट समीक्षक ओळखायचा कसा?

शुक्रवारी नव्या चित्रपटाचा पहिला खेळ संपतो न संपतो तोच मोबाइलवर साडेचार तारे, 'पैसा वसूल' आणि 'डोक्याला ताप' अशी तिन्ही मते एकाच वेळी येऊन पडतात. चौघांच्या कुटुंबाला मल्टिप्लेक्समध्ये तिकिटे, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरून हजार-दीड हजार रुपये सहज लागतात, त्यामुळे निर्णय अगदीच क्षुल्लक नाही. मराठी चित्रपटाच्या प्रेक्षकाला तर थांबायचीही सोय नसते. 'लोक काय म्हणतात ते पाहू' म्हणत सोमवार उजाडला, की अनेकदा सकाळचा एखादाच खेळ उरलेला असतो. अशा वेळी ऐकायचे कुणाचे?

तारे नेमके काय मोजतात?

ताऱ्यांना कोणतेही प्रमाण माप नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाचपैकी तारे देतात, प्रसिद्ध अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट चारपैकी देत असत. शिवाय आपले तारे सापेक्ष असतात, असे ते वाचकांना बजावत. सुपरहिरोपटाला दिलेले तीन तारे हे दुसऱ्या सुपरहिरोपटाशी तुलना करून दिलेले असतात, एखाद्या गंभीर कौटुंबिक चित्रपटाशी नव्हे. हा खुलासा फार कमी समीक्षक करतात. आपल्याकडे तर तीन तारे ही बऱ्याचदा 'नाही' म्हणायची सभ्य पद्धत झाली आहे.

९० टक्के म्हणजे उत्तम चित्रपट?

नाही, आणि इथेच सर्वाधिक गैरसमज होतो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचे मत एकंदर अनुकूल आहे, एवढेच तो आकडा सांगतो. ६० टक्के किंवा त्याहून अधिक समीक्षक अनुकूल असतील तर चित्रपट 'फ्रेश', अन्यथा 'रॉटन'.

समजा, एका चित्रपटाला दहापैकी नऊ समीक्षकांनी 'ठीक आहे' म्हणत पाचपैकी तीन तारे दिले आणि एकाने दोन. टक्केवारी झाली ९०. दुसऱ्या चित्रपटाला सहा जणांनी पाच तारे दिले आणि चौघांनी एकच. टक्केवारी ६०. ताऱ्यांची सरासरी काढली तर पहिल्याला २.९ आणि दुसऱ्याला ३.४ येते. म्हणजे कमी टक्केवारीच्या चित्रपटावर सहा जण जीव टाकत आहेत आणि ९० टक्केवाल्यावर कुणीच नाही. 'मेटाक्रिटिक' हे दुसरे संकेतस्थळ १०० पैकी भारित सरासरी देते, पण कोणत्या समीक्षकाच्या मताला किती वजन दिले, ते जाहीर करत नाही.

कोणताही चित्रपट न आवडणाऱ्या प्रेक्षकाला या आकड्यांचा उपयोग नाही आणि सगळेच आवडणाऱ्याला गरज नाही. मधल्यांना हवी असते एका माणसाची पारख.

न पटणारा समीक्षक उपयोगी कसा?

ईबर्ट यांचे उदाहरण यासाठी थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये १९६७ पासून २०१३ मध्ये निधन होईपर्यंत ते चित्रपटांवर लिहीत होते. १९७५ मध्ये समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पहिले चित्रपट समीक्षक. त्यांच्यावर विसंबून तिकीट काढणाऱ्यांच्या दोन पिढ्या झाल्या. आता त्यांचे 'चुकलेले' निकाल पाहा. 'डाय हार्ड' (१९८८) हा आज मारधाडपटांचा मानदंड मानला जातो. ईबर्ट यांनी त्याला चारपैकी दोनच तारे दिले. डेव्हिड लिंच यांच्या 'ब्लू व्हेल्वेट'ला (१९८६) तर अवघा एक.

पण त्यांनी कारण काय दिले, ते महत्त्वाचे. 'डाय हार्ड'मध्ये नायकाच्या कामात सतत अडथळा आणणारा मूर्ख पोलीस अधिकारी त्यांना खटकला. त्या एका पात्रापायी चित्रपटाचा उत्तरार्ध घसरतो, असे त्यांचे म्हणणे होते. मारामारी, इमारतीतले साहस, तांत्रिक करामती यांबद्दल तक्रार नव्हती. 'ब्लू व्हेल्वेट'बाबत त्यांचा आक्षेप अभिनेत्री इझाबेला रोसेलिनी यांना पडद्यावर ज्या अपमानास्पद प्रसंगांतून जावे लागले त्यावर होता. त्यांच्या अभिनयाचे मात्र त्यांनी कौतुकच केले. मूर्ख अधिकारी चालवून घेणाऱ्या वाचकाला दोन ताऱ्यांच्या त्या समीक्षेतूनही कळते, की हा चित्रपट आपण पाहायला हवा.

ईबर्ट यांचे दूरचित्रवाणीवरचे जोडीदार जीन सिस्केल यांना 'ब्लू व्हेल्वेट' आवडला होता. उलट 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) ईबर्ट यांनी उचलून धरला आणि सिस्केल यांनी नापसंत केला. पुढे त्याला पाच प्रमुख ऑस्कर मिळाले, म्हणून सिस्केल निकामी ठरले नाहीत. दर आठवड्याला दोघांना भांडताना पाहणाऱ्या प्रेक्षकाला हळूहळू कळत गेले, की आपण कशात कुणाच्या बाजूने असतो.

अनेक घरांत भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे असते. त्यावर कुणाची लोकल चुकत नाही, कारण ते रोज दहाच मिनिटे पुढे असते. कधी पाच मिनिटे पुढे, तर कधी वीस मिनिटे मागे असलेले घड्याळ मात्र काढून ठेवावे लागते. समीक्षकाचेही तसेच. त्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असली तरी चालते, ती दर शुक्रवारी बदलता कामा नये.

हे काम संगणक करू शकत नाही का?

बऱ्याच अंशी करतो. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला किती तारे देईल, याचा कंपनीच्या प्रणालीपेक्षा १० टक्के अधिक अचूक अंदाज बांधण्याची अट होती. स्पर्धकांना १७,७७० चित्रपटांसाठी दिलेली १० कोटींहून अधिक मानांकने पुरवण्यात आली. बक्षीस द्यायला २००९ उजाडले. मुळाशी तत्त्व साधे होते : ज्यांची जुनी मते तुमच्याशी जुळतात, त्यांना आवडलेले तुम्हालाही आवडण्याची शक्यता अधिक. तरीही 'नेपोलियन डायनामाइट'सारख्या (२००४) तिरकस विनोदी चित्रपटाने स्पर्धकांना घाम फोडला. तो एक तर अतोनात आवडतो किंवा अजिबात नाही, आणि आधीच्या आवडीनिवडीवरून ते सांगणे अवघड जाते. शिवाय यंत्रणा 'तुम्हाला आवडेल' एवढेच सांगते. मूर्ख पोलीस अधिकाऱ्याबद्दल ती बोलत नाही.

विकत घेतलेली मते कशी ओळखायची?

हा प्रकार यूट्यूबच्या आधीपासूनचा आहे. २००१ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात सोनी पिक्चर्सच्या जाहिरातींत झळकणारा डेव्हिड मॅनिंग हा समीक्षक अस्तित्वातच नसल्याचे निष्पन्न झाले. कंपनीच्या प्रसिद्धी विभागानेच तो निर्माण केला होता. एका छोट्या, खऱ्याखुऱ्या साप्ताहिकाचे नाव मात्र त्याच्यापुढे लावलेले असे. २००५ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली आणि त्या चित्रपटांच्या प्रेक्षकांना तिकिटामागे पाच डॉलर परत मागता आले.

भारतात पैसे, भेटवस्तू किंवा मोफत सहलीच्या बदल्यात समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, अशी मार्गदर्शक सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जारी केली. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुद्दाम बदनामी करणाऱ्या समीक्षांचा उलटा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात गेला. तिथे नेमलेल्या न्यायालयमित्रांनी मार्च २०२४ मध्ये, प्रदर्शनानंतर ४८ तास व्लॉगरनी समीक्षा टाळावी, असे सुचवले. त्यावर प्रामाणिक समीक्षकांनी गप्प का बसायचे, हा प्रश्नही आलाच. प्रेक्षकापुरती खूण सोपी आहे. ज्या समीक्षेत एकाही प्रसंगाचे नेमके वर्णन नाही आणि जी नाव बदलून दुसऱ्या चित्रपटालाही चालेल, ती स्तुती असो वा शिवी, सोडून द्यावी.

मग निवड कशी करायची?

आपण आधीच पाहिलेल्या चित्रपटांवरून. पाच पुरेत, पण त्यात एक सगळ्यांना आवडलेला आणि आपल्याला न आवडलेला असावा, आणि एक याच्या उलट. मराठीत 'कोर्ट' आणि 'सैराट' ही जोडी चांगली परीक्षा घेते. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या 'कोर्ट'मध्ये (२०१५ मध्ये प्रदर्शित) कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही आणि न्यायालयातला कंटाळा कंटाळ्यासारखाच दिसतो. कुणी त्याला संथ म्हणेल, कुणी संयत. दोघांचे निरीक्षण एकच आहे, फक्त त्यातले कोणते विशेषण आपल्या तोंडी आले असते, ते पाहायचे. 'सैराट'वर (२०१६) लिहिताना समीक्षक गाण्यांवर थांबतो, जातीच्या वास्तवावर, की शेवटच्या निःशब्द प्रसंगावर, यातूनही तो काय शोधायला चित्रपटगृहात जातो ते समजते.

एकच समीक्षक सगळ्यासाठी पुरेल, ही अपेक्षाही सोडावी. भयपटासाठी एक, विनोदासाठी दुसरा, आणि लहान मुलांना घेऊन जायचे असेल तर शेजारची पालक मंडळी अधिक भरवशाची. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रभात चित्र मंडळा'सारख्या फिल्म सोसायट्यांमध्ये ही पारख चित्रपट पाहून झाल्यावरच्या गप्पांत होत असे. समोरचा माणूस कशाने भारावतो, ते चार चित्रपटांत कळत असे.

जुन्या समीक्षा बहुतेक समीक्षकांच्या नावाने शोधल्या की सापडतात. पाच चित्रपट आणि तीन समीक्षक धरले, तर हे एका संध्याकाळचे काम आहे. ते गुरुवारपर्यंत उरकावे, कारण शुक्रवारी त्याच नावांखाली नव्या चित्रपटाचा शेवट सांगून टाकणारे मथळे आलेले असतात.