औषध नेमक्या जागी कसे पोचते?

मळ्याला पाणी दोन तऱ्हांनी देतात. पाटाचे पाणी मोकळे सोडले, की ते सगळ्या वाफ्यात पसरते. पीक भिजते आणि तणही माजते. ठिबकची नळी टाकली, तर पाणी थेंबाथेंबाने झाडाच्या मुळाशीच पडते. पाणी तेच, पण ते कुठे पोचते, याला महत्त्व आहे.

औषधाचेही असेच आहे. आपण गोळी घेतो किंवा सुई टोचून घेतो. औषध रक्तात मिसळते आणि अंगभर फिरते. दुखणे एका जागी, औषध मात्र सगळीकडे! साध्या तापाला हे चालून जाते. पण कर्करोगाचे, म्हणजे कॅन्सरचे, औषध जहाल असते. भराभर वाढणाऱ्या पेशींना ते मारते. आपल्या केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर वाढतात. म्हणून केस गळतात. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की औषध एखाद्या गाडीत घालून रोगाच्या जागी धाडता येईल का? अशी एक गाडी त्यांनी प्रथिनापासून बनवली.

प्रथिन म्हणजे काय? डाळीत, दुधात, अंड्यात असणारे, अंग घडवणारे द्रव्य. आपल्या नगर जिल्ह्यात संगमनेर, राहाता या बाजूंना घरोघरी दुधाचा धंदा आहे. दूध नासले, की चोथा आणि पाणी वेगळे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या चोथ्यात केसीन नावाचे प्रथिन असते. ताज्या दुधात त्याचे फार बारीक गोळे तरंगत असतात. वासराच्या हाडांना लागणारे कॅल्शियम ते पोटात घेऊन जातात. म्हणजे माल वाहणारी प्रथिनाची गाडी गाईच्या कासेत आधीपासूनच आहे!

आपल्या रक्तातही असा एक हमाल आहे. त्याचे नाव अल्ब्युमिन. तो यकृतात तयार होतो. बाजारातला हमाल पोती वाहतो, तसा हा रक्तातली नाना द्रव्ये वाहतो.

पॅक्लिटॅक्सेल नावाचे कर्करोगाचे एक औषध आहे. ते प्रथम अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडले. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रवात ते कालवून देत. त्या द्रवाने काही रोग्यांच्या अंगावर पित्त उठे, दम लागे. पुढे हे औषध अल्ब्युमिनला जोडून त्याचे कण बनवले. असा एक कण सुमारे १३० नॅनोमीटरचा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पाचसहाशे कण ओळीने बसतील. २००५ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी या औषधाला मान्यता मिळाली. पुढे ते भारतातही आले.

कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने बांधलेल्या कच्च्या भिंतीसारख्या असतात. त्यांना फटी राहतात. हे कण त्या फटींतून आत शिरतात, असे शास्त्रज्ञ मानतात. तरीही सगळे औषध गाठीतच जात नाही. या औषधानेही केस गळतात, हातापायांना मुंग्या येतात. ठिबक आली म्हणून तण उगवायचे थांबत नाही, तसेच हे.

म्हणून आम्ही दोन गोष्टी निक्षून सांगतो. पहिली : हे औषध दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून देतात. दूध प्यायल्याने किंवा अंडी खाल्ल्याने ते काम होत नाही. खाल्लेले प्रथिन पोटात पचून जाते. नॅनोचे नाव सांगून कोणी पुडी किंवा काढा विकू लागला, तर फसू नका.

दुसरी : गाडी कितीही चांगली असली, तरी ती वेळेवर निघाली पाहिजे. स्तनात गाठ लागली किंवा तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. आयाबहिणींनो, लाजेपायी गाठ लपवू नका. पैशाची अडचण असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. गाठ लहान असते, तेव्हाच तिच्यावर इलाज करणे सोपे असते.