मजकुराचे मोजमाप (७) : ग्रंथाग्र ४७

या लेखमालेत तारेतल्या (टेलिग्राममधल्या) शब्दमोजणीचा विषय आज निघायचा होता, पण मिरजेहून आलेल्या एका पत्राने तो मागे ढकलला. पत्र लिहिणाऱ्या बाईंकडे एका दिवाळी अंकाने ५०० शब्दांचा लेख मागितला आहे. त्यांची शंका एवढीच की ‘टेबलाखालचासुद्धा’ हा एक शब्द धरायचा की तीन?

संगणकाला विचारले तर एक. दोन मोकळ्या जागांच्या मधे जे काही सापडेल, तो त्याच्या लेखी शब्द. हिंदीत हेच ‘मेज़ के नीचे वाला भी’ असे पाच तुकड्यांत येते आणि पाच मोजले जाते. इंग्रजीला तर सहा लागतात. मराठी विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटवूनच लिहिते, त्यामुळे तेवढ्याच शब्दसंख्येत मराठी लेखकाचा ऐवज जास्त मावतो. त्यातली गंमत अशी की ‘मी सुद्धा’, ‘घरा समोर’ असे तोडून लिहिणाऱ्याचा लेख नियम पाळणाऱ्याच्या लेखापेक्षा लांब भरतो. शब्दागणिक मानधन असेल तर अशुद्धलेखनाला बक्षीसच म्हणायचे!

मुळात शब्द मोजण्याची सवय आपली नव्हे. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिला अक्षरे टांगत जाई. दोन शब्दांत जागा सोडायची चाल नव्हती. जुन्या पोथ्यांतही ओळ सलगच. शब्द सुटे दिसतच नाहीत तिथे ते मोजणार कोण? मोजत ती अक्षरे.

आणि त्याचे माप ठरलेले होते. ३२ अक्षरे म्हणजे एक ‘ग्रंथ’. अनुष्टुभाचे चार चरण, प्रत्येकी ८ अक्षरे, असा हा हिशेब. पण तो श्लोकापुरता राहिला नाही, गद्यालाही सर्रास लावला गेला. बौद्धांची ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ गद्यात आहे, तरी नावातले ८ हजार हे असे बत्तीस-बत्तीस अक्षरांचे घासच. पुस्तकाची लांबी हीच पुस्तकाची ओळख! तिची २५ हजारांची आणि लाखाची भावंडेही आहेत.

जैन पोथ्यांच्या अखेरीस ‘ग्रंथाग्र’ असे लिहून पुढे आकडा घातलेला आढळतो. नक्कल करणाऱ्याची मजुरी त्यावर ठरवता येई. शिवाय मागाहून कुणी पदरचे घुसडले किंवा पाने गहाळ झाली, तर आकडा चुगली करी.

मोजायची रीत वाण्याच्या हिशेबाइतकी सोपी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूच्या उघडल्या की पाने किती, पृष्ठावर ओळी किती, ओळीत अक्षरे किती, अशी नोंद भेटते. समजा पोथीची पाने ४०, म्हणजे पृष्ठे ८०; पृष्ठावर १० ओळी, ओळीत ३६ अक्षरे. एकूण २८,८००. भागिले ३२. झाले ९०० ग्रंथ. जोडाक्षर कितीही मजल्यांचे असो, एकच धरायचे.

ओवीला मात्र हा गज नीट लागत नाही, कारण तिचे चरण अक्षरसंख्येने जखडलेले नाहीत. म्हणून ज्ञानेश्वरी ओव्यांनी मोजतात, सुमारे ९ हजार. आणि तोही आकडा प्रतीप्रतीला थोडा हलतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला तेव्हा यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली होती. ताकीद द्यावी लागली, यातच सगळे आले.

मोबाईलने अक्षराचीही खांडोळी केली. ‘लक्ष्मी’ पोथीत दोन अक्षरांची. यंत्र ल, क, हलन्ताची खूण, ष, पुन्हा खूण, म आणि वेलांटी अशी सात चिन्हे मोजते. त्यात साधा एसएमएस रोमन लिपीत १६० चिन्हांचा, तर देवनागरीत ७० चा. दिवाळीच्या शुभेच्छांतल्या ‘लक्ष्मीपूजना’लाच किती जागा जाते, ते वाचकांनी मोजून पाहावे.

तर मिरजेच्या बाईंसाठी. मराठी शब्दाची सरासरी तीन अक्षरे धरली तर ५०० शब्दांची १,५०० अक्षरे, म्हणजे जेमतेम ४७ ग्रंथ. प्रत्यय, अव्यये बिनधास्त जोडून लिहावीत आणि लेखाखाली ‘ग्रंथाग्र ४७’ असे घालून तो पाठवून द्यावा. संपादकांचे उत्तर आले तर तार आणखी एक आठवडा थांबेल.