परदेशची डीव्हीडी आणि आपला प्लेअर

भाईंदर पूर्वेला आमच्या मागच्या इमारतीत राहणाऱ्या आत्या गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दोन डीव्हीडी पदराखाली झाकून घरी आल्या. "जयभीम भाऊ. तुम्ही ऑफिसात कॉम्प्युटरवर असता, जरा हे बघा," म्हणाल्या. कपाट आवरताना सापडलेल्या त्या तबकड्या त्यांच्या धाकट्या भावाने २००९ साली अमेरिकेहून पाठविल्या होत्या. एक होती मुलांसाठी विकत घेतलेला प्राण्यांवरचा माहितीपट. दुसरीवर पेनने फक्त "आई" असे लिहिलेले. आत्यांची आई २००८ साली सहा महिने न्यू जर्सीला लेकाकडे राहून आली होती, त्या वेळचे ते घरगुती चित्रण. आई २०११ साली वारली.

या दोन्ही तबकड्या एकदाही लागल्या नव्हत्या. त्या काळी एका दुरुस्तीवाल्याने "लेन्स गेली" म्हणून आठशे रुपये घेऊन लेन्स बदलली. आत्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होत्या, म्हणजे जवळजवळ आठवड्याची मजुरी गेली. तबकड्या काही लागल्या नाहीत.

आम्ही त्यांचाच जुना प्लेअर टीव्हीला जोडला. माहितीपट घातला तेव्हा "चुकीचा विभाग" अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. आईची तबकडी घातली तर "डिस्क नाही". दुखणी दोन होती, आणि लेन्सशी दोन्हींचा संबंध नव्हता.

वाचकहो, पहिले दुखणे असे. डीव्हीडी १९९६-९७ च्या सुमारास बाजारात आली तेव्हा चित्रपट कंपन्यांनी जगाचे सहा विभाग पाडले. अमेरिका व कॅनडा १, युरोप, जपान व आखाती देश २, दक्षिण कोरिया व आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका ४, चीन ६. भारत पाचव्या विभागात, रशिया, पाकिस्तान आणि बहुतेक आफ्रिकेसोबत. चित्रपट आधी अमेरिकेत लागायचा, इतर देशांत काही महिन्यांनी. तिकडची तबकडी इकडच्या चित्रपटगृहाचा धंदा बुडवू नये, आणि प्रत्येक देशात वेगळा भाव लावता यावा, यासाठी ही कुंपणे. ज्याने रोख पैसे मोजून वस्तू घेतली त्याला ती पाहू न देणे हा मला तरी सरळ अन्याय वाटतो. वेष्टनाच्या मागे पृथ्वीच्या गोलाचे छोटे चित्र असते, त्यातील आकडा म्हणजे विभाग. आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकाने तिथून आणलेल्या तबकडीवर २ असू शकतो.

अनेक स्वस्त प्लेअर मुळातच सर्व विभागांच्या तबकड्या चालवितात. काहींत रिमोटवर ठराविक आकडे दाबले की छुपी यादी उघडते आणि विभाग बदलता येतो. हे आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे. आकडे चुकले तर सहसा काही बिघडत नाही. परंतु कोणी "आतला सॉफ्टवेअर बदलून देतो" म्हणाला तर जपून, तो चुकीचा भरला की प्लेअर कायमचा बंद पडू शकतो.

चित्र काळे-पांढरे आले किंवा वरखाली पळू लागले तर तो विभागाचा दोष नाही. अमेरिका व जपानची जुनी टीव्ही पद्धत एनटीएससी होती, आपली पाल. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार "मल्टी" किंवा "ऑटो" करून पाहावा. आजचे सपाट टीव्ही बहुधा दोन्ही पद्धती चालवितात.

संगणकाचे प्रकरण जास्त जपण्यासारखे आहे. सन २००० पासूनच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. ही मोजणी ड्राइव्हच्या आतच असते, म्हणून विंडोज पुन्हा भरूनही काही उपयोग होत नाही. आमच्या चिरंजीवांनी मित्रांच्या तबकड्यांपायी चार संधी कधीच उडविल्या होत्या, हे मला त्या संध्याकाळी कळले. (बोलणी खाऊन झाली.) विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजखाली किती संधी उरल्या ते दिसते. बदलण्याआधी व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर वापरून पाहावा. तो स्वतः विभाग विचारत नाही. काही ड्राइव्ह मात्र त्यालाही दाद देत नाहीत. आमच्याने दिली, माहितीपट लागला आणि शेवटची संधी शिल्लक राहिली. ज्यांच्याकडे परदेशी तबकड्या बऱ्याच असतील त्यांनी एक जुना यूएसबी ड्राइव्ह वेगळा ठेवून त्या विभागावर लावावा.

कायद्याचेही सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आले. हक्क बुडविण्याच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. विकत घेतलेली तबकडी घरात पाहणे वेगळे आणि प्रती काढून स्टेशनबाहेर विकणे वेगळे.

आता आईची तबकडी. घरी रेकॉर्ड केलेल्या तबकडीला विभागाचे कुलूप नसतेच. कॅमेऱ्यातले चित्रण डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरविले की शेवटी "फायनलाइझ" करावे लागते, म्हणजे वहीच्या अखेरीस अनुक्रमणिका लिहून वही बंद करण्यासारखे. भावाने ते केलेच नव्हते. म्हणून चित्रण असूनही प्लेअरला तबकडी कोरी वाटत होती. अशी तबकडी मूळ यंत्रातच फायनलाइझ करावी. ते नसेल तर संगणकावर हरवलेला मजकूर शोधणारे प्रोग्राम असतात. शिवाय या तबकड्यांवरील रंगद्रव्य वर्षांगणिक खराब होते, तेव्हा घरातील लग्नाच्या, वाढदिवसाच्या तबकड्या लवकर पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.

दोन तास ड्राइव्ह घरघरत होता. ४१ मिनिटांचे चित्रण निघाले. आई लेकाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे आणि कॅमेरा धरलेल्या त्याला म्हणते, "बाजूला सर की, उजेड अडवतोस." आत्या काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळाने आवाज वाढवायला सांगितला.

तीन प्रती काढल्या. एक आत्यांना, एक कल्याणच्या बहिणीला, आणि एक भावाला पाठविली. त्याने रेकॉर्डर केव्हाच विकून टाकला होता, आणि त्याच्याकडेही आईचे हे चित्रण उरले नव्हते.