हुणसूरचं पान, मुंबईची मोजणी

आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले. महाराष्ट्राचं गृहखातं सांभाळलेला माणूस, वय अवघं ५७. त्यानंतर दीड महिनाही झाला नसेल, तोच दिल्लीत एक वाद पेटला. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रमय इशारा छापायचा नियम १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता, तो ऐनवेळी लांबणीवर पडला. या नियमाची तपासणी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो असं दाखवणारा अभ्यास भारतात झालेलाच नाही, आहेत ते सगळे परदेशातले, अशा अर्थाचं विधान त्यांनी केलं. विडी कामगारांचं आणि तंबाखू उत्पादकांचं काय होणार, हाही मुद्दा त्या चर्चेत होता.

यातली पहिली गोष्ट साफ चुकीची होती. दुसरी मात्र खरी होती आणि आजही अनुत्तरित आहे. आरोग्याची धोरणं घडवणाऱ्या आपल्या तज्ज्ञांची ताकद आणि त्यांची मर्यादा या दोन गोष्टींत दिसते.

परदेशी अभ्यासांचं आधी बघू. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर या मराठी माणसाने भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घातला. डॉ. एल. डी. संघवी आणि राव या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुंबईतल्या रुग्णांची तुलना केली आणि तंबाखू ओढण्या-चघळण्याचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो लेख छापून आला १९५५ साली. म्हणजे ते विधान झालं तेव्हा या मुंबईकर पुराव्याला साठ वर्षं झाली होती. नियतकालिक परदेशी होतं, एवढंच काय ते परदेशीपण.

पुढचा टप्पा घडला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. अणू-रेणूंचा अभ्यास करणाऱ्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दातांच्या संशोधनाचा एक विभाग होता. दंतवैद्य डॉ. फली मेहता, त्यांच्याबरोबर संख्याशास्त्राच्या वाटेने आलेले डॉ. प्रकाश गुप्ता आणि लोकांशी बोलायचं कसं याचा विचार करणाऱ्या डॉ. मीरा आघी. या मंडळींनी केरळातला एर्नाकुलम, गुजरातेतला भावनगर आणि आंध्रातला श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांतल्या खेड्यांत तंबाखू खाणारी-ओढणारी ३६,००० माणसं गाठली. श्रीकाकुलमकडे बायका चुट्टा ओढतात तो पेटतं टोक तोंडात धरून. त्यांच्या टाळूवरचे डाग बघायला दंतवैद्य दरवर्षी घरी जात. नुसतं बघून परत येत नसत. सवय सोडवण्यासाठी समजावत, सिनेमा दाखवत, भित्तिपत्रकं लावत, रेडिओचा वापर करत. ज्यांनी तंबाखू सोडली वा कमी केली, त्यांच्या तोंडात कर्करोगाआधी उमटणारे पांढरे चट्टे कमी झाले. १९८६ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने छापले. खेड्यातली, फारशी न शिकलेली माणसं समजावल्याने सवय सोडू शकतात, हे इथे आकड्यांत सिद्ध झालं.

मग आली मुंबई. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गुप्तांच्या चमूने मतदारयाद्या घेतल्या आणि हातात मावेल असा छोटा संगणक देऊन माणसं घरोघर पाठवली. तेव्हा आपल्याकडे बँकेतसुद्धा लेजर हाताने लिहीत. दारात उभं राहून उत्तर थेट यंत्रात भरायचं. चुकीचं वा विसंगत उत्तर भरलं तर यंत्र तिथेच अडवणार. पहिल्या टप्प्यात ९९,५९८ माणसं झाली, सगळी पस्तिशीच्या पुढची. पुरुषांत जवळजवळ ६९ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. बायकांत ५७ टक्क्यांहून जास्त, आणि त्या जवळपास सगळ्या न ओढता. मिश्री, पान, चुना-तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्या बाईकडे वळून बघणाऱ्या या शहरात अर्ध्याहून अधिक प्रौढ बायकांच्या तोंडात तंबाखू होती आणि ती कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हती. हीच माणसं पुढे वर्षानुवर्षं तपासत राहिल्यावर आणखी एक समजूत मोडली. विडी म्हणे सिगारेटपेक्षा सौम्य! मृत्यूच्या नोंदींत विडी ओढणाऱ्यांचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला.

पुराव्याला कायद्याचे पाय फुटायला मात्र वेळ लागला, आणि तो धागाही बराचसा मुंबईतूनच निघतो. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला. २०११ मध्ये अन्नसुरक्षेच्या नियमांत, खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन असता कामा नये, असं एक कलम आलं. त्याच्याच आधाराने महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटखा बंद केला. (बंद म्हणजे कागदावर. पानटपरीवर जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.) टाटा मेमोरियलचे शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी यांनी वेगळीच वाट धरली. जबडा काढलेले, जीभ गेलेले रुग्ण घेऊन ते थेट मंत्र्यांच्या आणि आमदारांच्या दालनात जाऊ लागले. आलेखाने जे झालं नाही, ते त्या चेहऱ्यांनी केलं. अखेर ८५ टक्क्यांचा इशारा १ एप्रिल २०१६ पासून पाकिटावर आला. कंपन्या न्यायालयात गेल्या, कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नियम रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. देशात तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० च्या पाहणीत ३४.६ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये २८.६ वर आलं.

इथवर सगळा विचार झाला तो खाणाऱ्याचा. पिकवणाऱ्याचं काय?

त्यासाठी म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याने पंचेचाळीसेक किलोमीटर पश्चिमेला, लक्ष्मणतीर्थ नदीकाठच्या हुणसूरला जावं लागतं. कर्नाटकाचे एकेकाळचे मुख्यमंत्री देवराज अर्स याच तालुक्यातल्या कल्लहळ्ळीचे. तालुक्याच्या एका अंगाला नागरहोळेचं जंगल, आणि उरलेल्या बऱ्याच शिवारात पावसाळ्यात व्हर्जिनिया तंबाखू. आपल्या निपाणीची ती विडीची तंबाखू नव्हे. ही सिगारेटची, आणि यातली बरीच परदेशी जाते. मेमध्ये वळवाच्या पावसावर रोपं लागतात. जुलैपासून खुडणी सुरू होते, तीही खालून वर, दर आठवड्याला झाडाची दोन-तीन पिकलेली पानं. खुडलेली पानं काठ्यांना बांधायची आणि शेताच्या कडेच्या बार्नमध्ये, म्हणजे उंच, बिनखिडकीच्या भट्टीघरात, थरावर थर टांगायची. बाहेर लाकूड पेटतं, आत लोखंडी नळ्यांतून उष्णता फिरते, धूर पानाला लागत नाही. आधी मंद आचेवर पान पिवळं होऊ द्यायचं, मग ताप वाढवत नेत पान वाळवायचं, शेवटी सत्तर अंशांच्या आसपास नेऊन मधला देठ वाळवायचा. पाच-सहा दिवस, रात्रीचं जागरण धरून. आच चुकली की पान काळवंडतं आणि भाव पडतो. एक किलो वाळलेल्या पानाला चार-पाच किलो लाकूड लागतं, आणि जंगल हाकेच्या अंतरावर आहे.

दवात भिजलेली पानं काखेत धरून खुडणाऱ्यांच्या कातडीतून निकोटिन अंगात उतरतं. मळमळ, उलट्या, गरगरणं, डोकेदुखी. तंबाखू तोंडात न घालताही होणारा हा आजार, आणि तो होतो मुख्यतः मजुराला. पाकिटावरच्या कुठल्याच चित्रात तो नाही.

एवढा त्रास असूनही लोक हे पीक का सोडत नाहीत? सोपं उत्तर म्हणजे पैसा. ते अर्धंच खरं आहे. पैसा आल्याच्या पिकातही असतो. एखाद्या वर्षी तंबाखूपेक्षा जास्त. फरक आहे तो पिकामागच्या बंदोबस्तात. व्हर्जिनिया तंबाखूसाठी १९७५ च्या कायद्याने गुंटूरला तंबाखू मंडळ स्थापन झालं. शेतकऱ्याची नोंदणी, बार्नचा परवाना, किती पिकवायचं याची मर्यादा, खत आणि कर्जाची सोय, सगळं त्याच्या छत्राखाली. बियाण्यासाठी हुणसूरलाच केंद्रीय तंबाखू संशोधन संस्थेचं केंद्र. आणि १९८४ पासून, आंध्राच्याही एक वर्ष आधी, कर्नाटकात मंडळाचा जाहीर लिलाव. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला हुणसूरजवळच्या कट्टेमळलवाडीच्या लिलावकेंद्रात गाठोडी ओळीने मांडली जातात. प्रत्येकाला क्रमांक, वजन, प्रत. पूर्वी बोली तोंडी होई, आता खरेदीदार हातातल्या यंत्रावर आकडा टाकतात. भाव पटला नाही तर शेतकरी माल परत नेऊ शकतो. पैसे बँकेत.

याची किंमत कळायला निपाणी आठवावी. विडी तंबाखूला मंडळ नव्हतं, लिलाव नव्हता. भाव व्यापारी ठरवत. त्यासाठीच मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा जण गेले. निपाणीकराला जी गोष्ट रस्त्यावर बसून मागावी लागली, ती हुणसूरकराला तीन वर्षांनी सरकारने आपण होऊन दिली. पीक तेच विषारी, पण एकाला बाजार मिळाला, दुसऱ्याला गोळी. हुणसूरच्या शेतकऱ्याला तंबाखू सोड म्हणणारा त्याला पुन्हा निपाणीच्या जागी उभा करतो, हे सल्ला देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आणि सरकार? आरोग्य मंत्रालय पाकिटावर कुजलेला गाल छापतं. वाणिज्य मंत्रालयाचं तंबाखू मंडळ निर्यात वाढली की आनंदाने आकडे देतं. आयुर्विमा महामंडळाकडे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे सुमारे १५ टक्के समभाग आहेत. आपला विमा उतरवणाऱ्यालाच आपल्या झुरक्यातून लाभांश मिळतो. हा विरोधाभास काढून हसणं सोपं आहे. मला जास्त खटकतं ते हे की मुंबईच्या संशोधकांनी खाणाऱ्याला जसं घरोघर जाऊन मोजलं, तसं पिकवणाऱ्याला कुणी मोजलं नाही. त्याचं कर्ज, लाकूडफाटा, खुडणाऱ्या बाईची मळमळ, भाव पडलेल्या वर्षीचा हिशेब हे सारं वर्षानुवर्षं, त्याच चिकाटीने नोंदलं गेलं असतं, तर २०१५ मध्ये समितीपुढे शेतकऱ्याचं नाव ढालीसारखं कुणाला पुढे करता आलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. त्याचं १७ वं कलम पर्यायी उपजीविकेविषयी आहे, १८ वं उत्पादकाच्या आरोग्याविषयी. याच कराराची परिषद नोव्हेंबर २०१६ मध्ये ग्रेटर नोएडात भरली तेव्हा तंबाखू उत्पादक बाहेर निदर्शनं करत होते. आत जायला त्यांना परवानगी नव्हती.

पर्याय म्हणून सुचवलेल्या पिकांची यादी वाचली की ती शिवार न बघता केली आहे हे कळतं. मका घ्या म्हणतात. नागरहोळेच्या कडेला मका म्हणजे हत्तींना आवतण; तंबाखू हत्ती तुडवतो, पण खात नाही. ऊस घ्यावा तर पाणी हवं, आणि तंबाखू आहे पावसावरची. आल्याचं पीक चांगलं, पण भाव एका वर्षात आकाशाला आणि पुढच्या वर्षी मातीला. केंद्राने २०१५-१६ पासून पीक-विविधीकरणाची योजना कर्नाटक-महाराष्ट्रासह दहा तंबाखू उत्पादक राज्यांत नेली. तिच्यातला खर्च प्रात्यक्षिकं, अवजारं आणि प्रशिक्षणावर आहे. कट्टेमळलवाडीचा शेतकरी कसायला कधीच कमी पडलेला नाही. रात्रभर आच सांभाळून पानाचा रंग जमवणाऱ्याला आल्याची लागवड कुणी काय शिकवायची? त्याला हवा आहे तो दुसऱ्या मालाला बोली लागेल असा ओटा.

तो उभा करणं अशक्य कोटीतलं नाही. वाणिज्य मंत्रालयाच्याच अखत्यारीत मसाला मंडळ आहे. तमिळनाडूत बोडिनायकनूरला आणि केरळात पुट्टडीला वेलदोड्याचा इलेक्ट्रॉनिक लिलाव होतो. आलं आणि मिरची ही दोन्ही पिकं त्या मंडळाच्या यादीत आहेत. हुणसूरला छप्पर आहे, काटा आहे, यंत्रं आहेत, बँकेची साखळी आहे, आणि तंबाखूचा हंगाम उरकला की वर्षातले काही महिने तिथे गाठोडं उतरत नाही. दोन्ही मंडळं एकाच मंत्रालयाखाली असल्याने त्या ओट्यावर आल्याची बोली लावायची झाली, तर फाइल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जाण्यापुरतीच हलवावी लागेल.